तिकिटांची पुस्तिका आणि सहलीचे अंदाजपत्रक

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही उभयता आठ वर्षांच्या कन्येसह हाँगकाँगला जाऊन आलो. जाण्याआधी चार महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक शंभरपानी वही पडलेली असे. डाव्या पानावर हाँगकाँग डॉलर, उजव्या पानावर रुपये. विमान, निवास, थीम पार्कची तिकिटे, आगगाडीच्या ऑक्टोपस कार्डाची पन्नास डॉलर अनामत, दोन वेळचे जेवण आणि सर्वांत खाली ‘किरकोळ’. हे शेवटचे कलम प्रत्येक रविवारी वाढत गेले आणि त्याला जागा करून देण्यासाठी हॉटेलचा एक तारा कमी करावा लागला. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. मजकुराची सवय आहे, आकड्यांची नाही. त्यामुळे ही वही चाळताना एक प्रश्न आम्हांस सतावू लागला. एका दिवसाच्या मौजेचा हिशेब चार महिने आधी, मूल झोपल्यावर, दिव्याखाली बसून मांडायचा, ही रीत आली कोठून?

आमच्या लहानपणच्या जत्रेत ती नव्हती. जत्रेत शिरायला पैसे पडत नसत. पाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे, बर्फाच्या गोळ्याचे वेगळे. वडील मुठीत सुटे पैसे ठेवीत आणि मुठीतला खुळखुळाट थांबला की जत्रा संपे. अंदाजपत्रक होते, पण ते खिशात होते आणि ते संपताना मुलाला दिसत होते.

पश्चिमेतही आरंभी हीच तऱ्हा होती. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला कोनी आयलंड नावाचा समुद्रकिनारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे खेळ, झोपाळे, खाद्यपदार्थांच्या गाड्या यांची दाटी झाली होती आणि जो तो आपापले नाणे मागत असे. जॉर्ज टिल्यू या गृहस्थाने १८९७ मध्ये आपल्या खेळांभोवती कुंपण घातले, त्याला ‘स्टीपलचेस पार्क’ असे नाव दिले आणि पुढे पंचवीस सेंटच्या एकाच तिकिटात अनेक खेळ देऊ केले. टिल्यूची व्यापारी बुद्धी इतकी तल्लख की १९०७ साली ते उद्यान जळून खाक झाले तेव्हा धुमसते अवशेष पाहण्यासाठी त्याने दहा सेंट आकारले! १९२० मध्ये भुयारी रेल्वे कोनी आयलंडपर्यंत पोहोचली. भाडे पाच सेंट. शहरातले कामगार, नुकतेच आलेले स्थलांतरित, त्यांची लेकरे रविवारी लोटू लागली. येथे गरिबाचे अंदाजपत्रक व्यापाऱ्याला मान्य करावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या गर्दीने कोनी आयलंडला जगवले, त्याच गर्दीकडे पाहून वॉल्ट डिस्ने यांनी ‘असे नको’ म्हणून ठरवले.

कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले. उभारणीचा खर्च सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर. फाटकाशी प्रौढांना एक डॉलर, मुलांना पन्नास सेंट. आत गेल्यावर प्रत्येक खेळाचे पैसे पुन्हा वेगळे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात व्यवस्थापनाने एक युक्ती काढली आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मनोज्ञ वस्तू जन्माला आली, ती म्हणजे तिकिटांची पुस्तिका. आठ खेळांची पुस्तिका प्रौढांस अडीच डॉलरला मिळे. तिच्यात ए, बी, सी अशा अक्षरांच्या चिठ्ठ्या असत. १९५६ मध्ये ‘डी’ आली, १९५९ मध्ये ‘ई’. ‘ए’ म्हणजे लाकडी घोड्यांचे चक्र आणि त्यासारखे साधे खेळ. ‘ई’ म्हणजे मॅटरहॉर्न पर्वतावरून सुसाट उतरणारी गाडी, जंगलातली नौका.

या पुस्तिकेकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने पाहावे असे आम्हांस वाटते, कारण ती एक संहिता होती आणि वाचक होता दहा वर्षांचा मुलगा. ‘ई’ची पाने मोजकीच. ती सकाळीच फाडायची की दुपारसाठी राखायची? बहिणीला घोड्यांवर बसणे प्रिय असेल तर तिच्याकडून ‘ई’ घेऊन तिला आपल्या दोन ‘ए’ द्याव्यात काय? तुटवडा, निवड, देवाणघेवाण, पश्चात्ताप: अर्थशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात जे येते ते सारे त्या मुलाच्या खिशात होते. आईवडिलांनी पुस्तिका विकत घेतली की त्यांचे काम संपत असे, पुढचे अंदाजपत्रक मुलाचे. आणि दिवस संपला तरी बहुतेकांच्या पुस्तिकेत ‘ए’ आणि ‘बी’ची पाने उरतच. अमेरिकेतील कित्येक घरांच्या खणांत ती वर्षानुवर्षे पडून राहिली.

भाषेने ही पुस्तिका तिच्या मृत्यूनंतरही सांभाळली. १९८२ मध्ये चिठ्ठ्या बंद झाल्या. पुढच्याच वर्षी, १८ जून १९८३ रोजी, सॅली राइड ही अवकाशात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली आणि उड्डाणाच्या अनुभवाचे वर्णन करताना तिने कोणती उपमा दिली? हे तर खरोखरीचे ‘ई’ तिकीट, असे तिने सांगितले. ज्या तिकिटाला आता खिडकीवर किंमत नव्हती, ते शब्दकोशात शिल्लक होते. आमच्या विद्यार्थ्यांना लक्षणा शिकवताना हे उदाहरण आम्ही अनेकदा वापरले आहे. आपल्याकडे चार आणे चलनातून गेले तरी ‘चार आण्याची अक्कल’ गेली नाही, हे त्याचे घरगुती रूप.

चिठ्ठ्या बंद का झाल्या? टेक्ससमधील ‘सिक्स फ्लॅग्ज’ने १९६१ मध्येच एका दराचा प्रवेश सुरू केला होता. फाटकाशी एकदाच पैसे, मग आत हवे तितके खेळा. खिडक्या नकोत, चिठ्ठ्या फाडणारे नोकर नकोत. १ ऑक्टोबर १९८२ रोजी फ्लोरिडात एपकॉट उघडले तेही एकाच तिकिटाचे, आणि त्याच सुमारास डिस्नेची जुनी उद्यानेही या मार्गाला लागली. १५ एप्रिल १९८३ रोजी सुरू झालेल्या टोकियो डिस्नेलँडमध्ये पहिल्या दिवसापासून ३,९०० येनचा दिवसभराचा ‘पासपोर्ट’ उपलब्ध होता. सोय झाली यात वाद नाही. पण मुलाच्या खिशातले अंदाजपत्रक त्या दिवशी आईवडिलांच्या टेबलावर आले. आत गेल्यावर सारेच फुकट, म्हणजे बाहेर असतानाच सारे भरलेले. आमच्या शंभरपानी वहीचा जन्म आम्ही या वर्षात धरतो.

कुटुंब वही मांडते तशी कंपनीही मांडते, आणि या दोन वह्या जुळल्या नाहीत तर काय होते याचे उदाहरण पॅरिसजवळ घडले. १२ एप्रिल १९९२ रोजी तेथे ‘युरो डिस्ने’ सुरू झाले. फ्रेंच बुद्धिवंतांनी त्यावर उठवलेली झोड प्रसिद्धच आहे. रंगकर्मी आरियान मनूश्किन यांनी त्याची तुलना चेर्नोबिलशी केली. परंतु उद्यान अडचणीत आले ते विचारवंतांमुळे नव्हे. लोक येत होते, पण दिवसभर हिंडून संध्याकाळी परत जात होते. कंपनीच्या आराखड्यात पाहुणे काही रात्री हॉटेलात राहणार होते, उपाहारगृहांत जेवणार होते, दुकाने रिकामी करणार होते. युरोपीय कुटुंबाने मात्र घरून डबा आणला. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या त्या गृहिणींनी एका बलाढ्य कंपनीचे गणित चुकवले, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. मंदी आणि कर्जावरील व्याज यांचाही वाटा होताच. १९९३ च्या आर्थिक वर्षात तोटा सुमारे ५.३ अब्ज फ्रँकवर गेला. १९९४ मध्ये कर्जाची फेररचना झाली, नाव बदलून ‘डिस्नेलँड पॅरिस’ झाले आणि १९९५ मध्ये प्रवेशदर सुमारे एक पंचमांशाने उतरवावे लागले. (आमच्या बॅगेतही दशम्या, चिवडा आणि मेतकूट होते. परंपरा सार्वत्रिक आहे.)

हाँगकाँगचे उद्यान १२ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाले. प्रौढांचा दर साध्या दिवशी २९५ आणि विशेष दिवशी ३५० हाँगकाँग डॉलर. साधे तिकीट सहा महिन्यांत कधीही चाले. या लवचिकपणातून एक दुःखद प्रसंग उद्भवला. २००६ च्या चांद्र नववर्षात हाँगकाँगची सुट्टी जानेवारीअखेर संपली, चीनच्या मुख्य भूमीवरची मात्र ४ फेब्रुवारीपर्यंत होती. दिनदर्शिका आखणाऱ्यांनी पहिली सुट्टी पाहिली, दुसरीकडे दुर्लक्ष केले. फेब्रुवारीच्या आरंभी हजारो कुटुंबे हाती रीतसर तिकीट असूनही फाटकाबाहेर अडकली. काहींनी कुंपणावरून लहान मुले आत दिली, तशी छायाचित्रे जगभर छापून आली. उतावळेपणाबद्दल त्या पालकांना नावे ठेवणारे लेखही तेव्हा निघाले. आम्ही वही मांडल्यानंतर ती छायाचित्रे पुन्हा आठवली आणि नावे ठेवणे जमेनासे झाले. आगगाडीने रात्रभर आलेल्या, वर्षाची शिल्लक एका दिवसावर लावलेल्या बापाला ‘उद्या या’ असे सांगून चालत नाही. त्याच्या अंदाजपत्रकात उद्या हे कलमच नसते.

भारतीय कुटुंबाच्या वहीत आणखी एक स्तंभ असतो आणि तो आपल्या हातात नसतो. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी गेलेल्यांच्या आठवणींत खिशातले आठ डॉलर हे ध्रुवपदासारखे येतात. परकीय चलन ही तेव्हा सरकारकडे मागायची वस्तू होती, आणि मुलाला पाळण्यात बसवायला ते मागावे असे कुणाच्या मनातही आले नसते. १९७३ चा कठोर ‘फेरा’ कायदा जाऊन २००० मध्ये ‘फेमा’ आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीस वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली, ती मर्यादा २०१५ पासून २,५०,००० झाली. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर स्रोतावर कर गोळा होऊ लागला आणि त्याचे दर वारंवार बदलत राहिले. म्हणजे ‘परवानगी आहे का’ या प्रश्नाची जागा ‘परवडेल का’ने घेतली. मराठीतील सर्वांत गाजलेला प्रवास, गोडसे भटजींचा, कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून झाला होता. मिळवायला निघालेला तो भिक्षुक आणि खर्चायला निघालेले आम्ही, यांच्यामध्ये दीडशेहून अधिक वर्षे आहेत.

आता रुपया. हाँगकाँगचे चलन १९८३ पासून अमेरिकी डॉलरला बांधलेले आहे, एका डॉलरला ७.८ च्या आसपास. त्यामुळे आशियातल्या जवळच्या शहरी जातानाही आपले अंदाजपत्रक वॉशिंग्टनच्या वाऱ्यावर हेलकावे खाते. २००५ मध्ये हाँगकाँग डॉलर साडेपाच रुपयांच्या थोडा वर होता, तेव्हा २९५ चे तिकीट सतराशे रुपयांच्या आत बसे. आम्ही गेलो तेव्हा तो नऊ रुपयांना टेकला होता आणि तिकीट सहाशे डॉलरच्या वर गेले होते. तेथील माणसाला चौदा वर्षांत दर दुपटीहून थोडा अधिक झाला, आम्हांस तिपटीहून अधिक. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघांनी एकाच तिकिटाची दोन वेगळी किंमत मोजलेली असते.

रांगेबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. एकदराच्या काळात पैसा फाटकाशी थांबे, आत सर्वांना सारखेच ताटकळावे लागे. डिस्नेने १९९९ मध्ये रांग टाळण्याची ‘फास्टपास’ सोय आणली ती मोफत होती. अमेरिकेतील उद्यानांत २०२१ पासून तिच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. २०१६ पासून कॅलिफोर्नियात तिकिटाचा दरही दिवसागणिक बदलू लागला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचा दर दोनशे डॉलर ओलांडून गेला. निरखून पाहिले तर ही जुनी ‘ई’ चिठ्ठीच परतली आहे, अधिक पैसे देणाऱ्यास अधिक चांगला खेळ. फरक इतकाच की ती आता बापाच्या मोबाइलमध्ये असते आणि सकाळपासून तो त्या पडद्यात मान घालून उभा असतो. मुलाला फाडायला काहीच मिळत नाही.

म्हणूनच असेल, निघण्यापूर्वी आम्ही ‘किरकोळ’मधून दोनशे डॉलर काढून कन्येच्या हाती दिले आणि ते कसे खर्चावेत यात आम्ही पडणार नाही असे वचन दिले. ते पाळणे फार जड गेले. ती प्रत्येक दुकानात शिरे, चिठ्ठीवरची किंमत वाचे, ओठ हलवत नऊने गुणी आणि वस्तू जागेवर ठेवी. दुपारी एक उंची बाहुली तिने इतका वेळ हातात धरली की आमच्यापैकी एकाचा हात खिशाकडे गेलाच होता. दुसऱ्याने डोळ्यांनी आवरले. अखेर संध्याकाळी तिने एक पेन्सिलपेटी घेतली. परत आल्यावर वहीचा हिशेब लावला तेव्हा सर्व कलमे अंदाजापलीकडे गेली होती, फक्त तिचे तेवढे आत होते. उरलेली शंभराची नोट आणि काही नाणी तिने आम्हांस परत देऊ केली. आम्ही घेतली नाहीत. दोन डॉलरच्या नाण्याची कड कातरलेल्या करंजीसारखी असते, ते तिला फार आवडते. ती नोट आणि ती नाणी तिच्या टेबलाच्या खणात अजून आहेत.