वाकणारा दिवा आणि पाण्याची वाफ

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणाऱ्या प्लॅस्टिकच्या चटया आपल्या घरोघरी आहेत. गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या तरी त्यांचे काही बिघडत नाही. अशाच वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर दिवा उजळावा, यासाठी शास्त्रज्ञांनी केलेल्या खटपटीचा हा वृत्तांत आहे.

या दिव्याला ‘ओएलईडी’ म्हणजे सेंद्रिय प्रकाश देणारा डायोड म्हणतात. येथे ‘सेंद्रिय’ म्हणजे शेणखताचे नव्हे, बरे का! रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात. १९६३ साली न्यूयॉर्क येथे मार्टिन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून वीज सोडून प्रकाश मिळवला. अँथ्रासीन हे आपल्या डांबरगोळीचेच भाऊबंद. पण त्याला शेकडो व्होल्टचा दाब लागे. १९८७ साली कोडॅक कंपनीतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी काचेवर दोन सेंद्रिय थर चढवले. दोन्ही मिळून त्यांची जाडी केसाच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाइतकी. दहा व्होल्टच्या आतच लख्ख हिरवा प्रकाश पडला.

काच वाकत नाही. म्हणून १९९२ साली कॅलिफोर्नियात ॲलन हीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेऐवजी पॉलिएस्टरची फिल्म घेतली. शीतपेयाच्या बाटल्या होतात तेच हे प्लॅस्टिक. दिवा वाकवला तरी उजळतच राहिला. वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकच्या शोधाबद्दल हीगर यांना पुढे २००० साली मॅकडायरमिड व शिराकावा यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

मग वाकलेल्या पडद्याचे फोन बाजारात यायला २०१३ साल का उजाडावे? याचे कारण आपल्या घरातील आईला विचारा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले पापडही पावसाळ्यात सादळतात. पाण्याचा थेंब प्लॅस्टिकमधून जात नाही, पण वाफ जाते. दिव्यातील धातूचा थर तिने गंजतो, काळे ठिपके पडतात आणि ते वाढत जातात. माझ्या मते प्रकाश मिळवण्यापेक्षा तो टिकवण्याचे काम अधिक बिकट होते. एका चौरस मीटरमधून दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून अधिक वाफ आत जाता कामा नये, असे मानले जाते. या वेगाने पाण्याचा एक थेंब झिरपायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागतील!

काचेचे झाकण हे काम सहज करी. प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखा अतिपातळ थर दिला, तर त्यात सूक्ष्म छिद्रे राहतातच. तेव्हा त्यावर प्लॅस्टिकचा थर, पुन्हा ऑक्साइड, पुन्हा प्लॅस्टिक असे एकावर एक थर दिले गेले. वरची व खालची छिद्रे समोरासमोर येत नाहीत. वाफेला वळसे घेत जावे लागते आणि तिला फार उशीर होतो. दिवा घडवताना प्लॅस्टिक सरळ राहावे म्हणून ते आधी काचेवरच पसरतात. सेंद्रिय थर निर्वात पेटीत चढवतात, वरून संरक्षक थर देतात आणि शेवटी लेसरने प्लॅस्टिक काचेपासून सोडवतात.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटू नये. आपल्याच राज्यात, नागपूर विद्यापीठातील प्राध्यापक संजय ढोबळे यांनी एन. थेजो कल्याणी व हेंड्रिक स्वार्ट यांच्याबरोबर ओएलईडीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे.