शिरूर-दौंड परिसरातील घरगुती गारवा आणि विजेची बचत : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वातानुकूलन यंत्राच्या वीजवापराचा विचार सामान्यतः यंत्रापासून सुरू होतो आणि यंत्रापाशीच संपतो. यंत्राला किती तारे आहेत व तापमान किती अंशांवर ठेवावे, एवढ्यापुरतीच चर्चा मर्यादित राहते. तथापि, ज्या घरात हे यंत्र बसविले जाते ते घर मुळात इतके तापते का, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

धाब्याची घरे

हे दोन्ही तालुके जिल्ह्याच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथील उन्हाळा कडक, परंतु कोरडा असतो आणि रात्री हवा बऱ्यापैकी निवते. मावळातील उतरत्या छपरांऐवजी या भागात धाब्याची घरे रूढ झाली, ती याच हवामानामुळे. जाड मातीच्या भिंती, लाकडी कडीपाटावर पसरलेला पांढऱ्या मातीचा थर आणि लहान झरोके ही या घरांची वैशिष्ट्ये होत. दिवसाची उष्णता भिंतीत व माळवदात मुरून आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होत असे, आणि तोवर घरातील माणसे अंगणात किंवा माळवदावर निजावयास गेलेली असत. गारवा मिळविण्यासाठी वेगळा खर्च नव्हता. तो बांधणीतच समाविष्ट होता. मात्र पावसाळ्यापूर्वी दरवर्षी माळवदावर नवी माती टाकणे व ते चोपणे हे कष्टाचे काम होते, हेही विसरता येत नाही.

छावणी आणि रेल्वे

पेशवाईच्या अखेरच्या काळात शिरूर येथे, म्हणजेच घोडनदीला, इंग्रजांची लष्करी छावणी होती. पुढे १८५८ मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग दौंडपर्यंत पोहोचला आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्याने दौंड हे जंक्शन बनले. वसाहतकाळात साहेबांच्या बंगल्यांतून उंच छत, रुंद व्हरांडा, दारांवर पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे आणि दोरीने ओढावयाचे पंखे अशी व्यवस्था असे. या गारव्यामागे पंखा ओढणाऱ्याचे व पाणी भरणाऱ्याचे श्रम होते. एकाच्या सुखाची किंमत दुसऱ्याने मोजावयाची, हे सूत्र येथे प्रथम ठळकपणे दिसते.

वीज आणि टंचाई

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. पुढील दशकांत ग्रामीण भागात वीज पोहोचली, आणि याच काळात माळवदाची जागा हळूहळू पत्र्याने व सिमेंटच्या स्लॅबने घेतली. नवे छप्पर गळत नव्हते व दरवर्षी चोपावे लागत नव्हते. त्यामुळे हा बदल स्वाभाविकच होता. परंतु पत्रा ऊन चढताच तापतो, तर चार-पाच इंच जाडीचा उघडा स्लॅब दुपारी साठविलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. पंखा ही तेव्हापासून चैनीची वस्तू न राहता गरज बनली.

२००५ नंतरच्या वर्षांत राज्यात भारनियमन तीव्र झाले. २००६ मध्ये उद्योगांची स्वतःची वीजनिर्मिती व ग्राहकांकडून घेतलेला जादा आकार यांच्या आधारे पुणे शहर भारनियमनमुक्त करण्यात आले. जिल्ह्याच्या ग्रामीण भागास ही सवलत नव्हती. याच सुमारास राज्यात राबविलेल्या अक्षय प्रकाश योजनेत गावांनी सायंकाळी कृषिपंप व जड उपकरणे बंद ठेवावीत आणि त्या बदल्यात घरातील दिवे चालू राहावेत, असा सामूहिक करार होता. पुढे गावठाण व शेतीचा वीजपुरवठा वेगळा करण्याच्या तांत्रिक उपायाने तिची जागा घेतली. लाभ समान व प्रत्यक्ष दिसणारा असेल तर ग्रामीण समाज वीजवापर आवरू शकतो, असे या अनुभवावरून म्हणता येते. याउलट, ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर घेतले. बॅटरी भरताना व वापरताना काही वीज वाया जातेच. म्हणजे टंचाईने बचत शिकविली असे सरसकट म्हणता येत नाही.

यंत्राचे युग

रांजणगाव गणपती येथील औद्योगिक वसाहतीमुळे शिरूर तालुका हा गृहोपयोगी विद्युत उपकरणांच्या निर्मितीचे केंद्र बनला. येथील एलजी कंपनीच्या कारखान्यात वातानुकूलन यंत्रेही तयार होतात. ज्या तालुक्यात घरे मातीने थंड राहत, तेथेच आता थंडावा देणारे यंत्र बनते, हा बदल लक्षणीय आहे.

शासनाचे प्रयत्नही मुख्यतः यंत्राभोवतीच राहिले. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, तारांकन योजना २००६ मध्ये आली आणि खोलीच्या वातानुकूलन यंत्रांना ती २०१० पासून सक्तीची झाली. १ जानेवारी २०२० पासून अशी यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर असावीत, असा नियम लागू झाला. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. हे उपाय उपयुक्त आहेत, यात शंका नाही. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या इको निवास संहितेत छपराचाही विचार आहे. परंतु ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांसाठी आहे. गावठाणातील लहान घर तिच्या कक्षेबाहेर राहते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, गारव्याचा भार प्रथम बांधणीवर, नंतर दुसऱ्याच्या श्रमावर आणि अखेर विजेवर गेला. वातानुकूलनाची वीज कमी करावयाची असल्यास आरंभ छपरापासून करणे इष्ट ठरेल. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर वा पांढऱ्या फरशीचे तुकडे, पश्चिमेच्या भिंतीवर सावली, रात्री खिडक्या उघडण्याची सोय आणि पंख्यासह २६ अंशांवर चालविलेले यंत्र, हे उपाय या कोरड्या हवेत परिणामकारक आहेत. कूलरला वीज पुष्कळ कमी लागते, मात्र पाणी लागते. अवर्षणप्रवण तालुक्यांत त्याचा विचार टँकरच्या फेऱ्यांसह करावा लागेल. धाब्याच्या घराकडे परतणे शक्य नाही व आवश्यकही नाही. त्या घराने जपलेले तत्त्व मात्र आजही लागू आहे : उष्णता आत आल्यावर ती बाहेर काढण्यापेक्षा ती आत येऊच न देणे स्वस्त पडते. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे आणि ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांच्यासाठी तर हा वीजबचतीपुरता प्रश्न नसून रात्रीच्या झोपेचा व आरोग्याचा प्रश्न आहे.