'रोलआउट पंट' : संरक्षण सोडून मारलेली किक

अमेरिकन फुटबॉल पुण्याला अगदीच परका नाही. 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया'च्या २०१२ मधील पहिल्या हंगामाचे सामने कोलंबोत झाले आणि अंतिम सामन्यात 'पुणे मराठाज'ने 'दिल्ली डिफेंडर्स'ला ६-० असे नमवून विजेतेपद पटकावले. गुण इतके दुर्मिळ असतात, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेजवळ रोखून धरण्यास मोल येते. त्यासाठीचे मुख्य हत्यार म्हणजे 'पंट'.

दहा यार्ड पुढे जाण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. तिन्ही फसले, की चौथ्यात बहुधा चेंडू दूर धाडला जातो. हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकण्याआधी लाथाडायचा, हा पंट. नेहमीचा पंटर सुमारे १५ यार्ड मागे उभा राहून उंच किक मारतो. 'रोलआउट' प्रकारात तो चेंडू घेऊन आधी बाजूला धावतो आणि धावता धावताच खालून सरपटती किक मारतो. लंबगोल चेंडूचा टप्पा कुठे वळेल, हे सांगणे अवघड. शिवाय 'फेअर कॅच'ची, म्हणजे हात उंचावून निर्धोक झेल घेण्याची सवलत चेंडू हवेत असेपर्यंतच असते. झेलणाऱ्याच्या हातून तो निसटला, तर किक मारणारा संघ त्यावर ताबा मिळवू शकतो.

दुसरा लाभ वेळेचा. महाविद्यालयीन नियमांनुसार चेंडू मागे जाताच सर्व सहकारी पुढे धावू शकतात. व्यावसायिक 'एनएफएल'मध्ये किक होईपर्यंत ही मुभा दोन्ही टोकांच्या खेळाडूंनाच आहे. म्हणूनच ही किक महाविद्यालयांतच अधिक दिसते. धावत किक मारण्याचे बाळकडू मिळालेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी ती तेथे रुजवली. सर्वोत्तम महाविद्यालयीन पंटरचा 'रे गाय' पुरस्कार २०१३ ते २०१७ अशी सलग पाच वर्षे ऑस्ट्रेलियनांनीच मिळविला.

या लाभाची किंमतही आहे. एका पायावर उभ्या पंटरला जोरदार धडक दिल्यास १५ यार्डांचा दंड होतो आणि त्याच्या संघाला नव्याने प्रयत्न मिळतात. मात्र चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच यार्डांच्या पट्ट्याबाहेर चेंडू घेऊन गेलेल्या पंटरचे हे खास संरक्षण महाविद्यालयीन नियमांत संपते. क्रीज सोडून पुढे सरसावलेल्या फलंदाजासारखीच ही स्थिती. यष्टिचीत होण्याची भीती पत्करल्याशिवाय तो फटका मिळत नाही.

प्रतिस्पर्धी मागे हटलेले दिसले, तर पंटर किकचा विचार सोडून स्वतःच दहा यार्ड धावू शकतो. पासचा पर्याय मात्र फसवा असतो, कारण पास घेण्यास अपात्र असलेले सहकारी तोवर तीन यार्डांपलीकडे पोहोचले असतील, तर पुढे टाकलेला पास नियमबाह्य ठरतो. आणि डाव सुरू झालेली रेषा एकदा ओलांडली, की किकही मारता येत नाही. हा सारा निर्णय दोन-तीन सेकंदांत, अंगावर धावून येणाऱ्यांकडे पाहत घ्यावा लागतो.