अपघातप्रवण माणसाची कुळकथा

24 जानेवारी 2025 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ जण दगावले. कुठल्याही कारखान्यात असं काही घडलं की चौकशी समिती बसायच्या आधीच चौकात विचारणा सुरू होते: चूक कोणाची? तिच्यामागे एक जुनी समजूत दडलेली असते. काही माणसं स्वभावानंच धांदरट, अपघात त्यांच्याच हातून व्हायचे. ही समजूत आकड्यांचा आधार घेऊन उभी राहिली ती पहिल्या महायुद्धातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतच.

त्याही आधी, स्कॉटलंडमधल्या आर्डीर इथे आल्फ्रेड नोबेलनं काढलेल्या कारखान्यात, नायट्रोग्लिसरिन बनवताना तापमापकावर नजर ठेवणाऱ्या कामगाराला एका पायाचं स्टूल देत. डुलकी लागली की तो खाली पडे. लाखमोलाची युक्ती! कामगार आळशी आहे का, जबाबदार आहे का, हे त्या स्टुलानं कधी विचारलं नाही. डोळा कोणाचाही लागू शकतो, एवढंच गृहीत धरलं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हजारो स्त्रिया तोफगोळे बनवायला लागल्या. त्यांच्या अपघातांच्या नोंदी मेजर ग्रीनवुड आणि हिल्डा वुड्स यांनी तपासल्या आणि 1919 साली अहवाल दिला. (‘मेजर’ हा हुद्दा नव्हे, त्यांचं नावच ते.) सहा इंची गोळे बनवणाऱ्या 647 स्त्रियांची पाच आठवड्यांची नोंद त्यात होती. 447 जणींना एकही अपघात नाही. दोन किंवा अधिक अपघात झालेल्या फक्त 68, पण एकूण 301 अपघातांपैकी 169 त्यांच्याच वाट्याला. वाचणाऱ्याला वाटणारच, या 68 जणींना घरी पाठवा, निम्म्याहून जास्त अपघात टळतील.

इथेच गणित करून पाहायला हवं. सगळ्या जणी सारख्याच सावध असत्या आणि अपघात निव्वळ योगायोगानं वाटले गेले असते, तरी दोन किंवा अधिक अपघात सुमारे 52 जणींच्या वाट्याला आलेच असते. म्हणजे 68 मधला मोठा वाटा नशिबाचं देणं. उरलेला फरक खरा आहे. चार-पाच अपघात झालेल्या स्त्रिया योगायोगाच्या हिशेबापेक्षा जास्त निघतात. पण तो फरक स्वभावाचा की यंत्राचा, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

पुढच्यांनी मात्र ते ठरवून टाकलं. 1926 मध्ये एरिक फार्मर आणि चेंबर्स यांनी ‘अपघातप्रवणता’ ही संज्ञा रूढ केली. मग चालकांच्या, कामगारांच्या मानसिक चाचण्या घेऊन असा माणूस आधीच हुडकायचे प्रयत्न झाले. मालकांना ही कल्पना सोयीची होती, हे मला उघड दिसतं. यंत्राला जाळी बसवायला पैसा लागतो. माणसाच्या स्वभावाला नावं ठेवायला काहीच लागत नाही. 1951 मध्ये आर्बस आणि केरिक यांनी या साऱ्या पुराव्याची कसून तपासणी केली, तेव्हा त्याचा पाया फार कच्चा निघाला.

स्फोटकांच्या धंद्यानं दुसरी वाटही धरली होती. ती एका पायाच्या स्टुलाच्या कुळातली. इमारती एकमेकींपासून लांब, मध्ये मातीचे बंधारे, आगपेटी फाटकावरच जमा. आणि इमारतीवर ‘मॅन लिमिट’ची पाटी: आत एका वेळी किती माणसं, किती किलो स्फोटकं. स्फोट झालाच तर कमीत कमी जीव सापडावेत, हा तिचा हिशेब. त्यामुळे आकडा भरला असेल, तर तीस वर्षं काढलेला फोरमनसुद्धा आतला एक जण बाहेर आल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.