बाथरूममधली काळी बुरशी काढताय? घरात लहान मुलं असतील तर आधी हे वाचा

पुणे : पावसाळा सुरू झाला की बाथरूमच्या भिंतीवर, फरशीच्या सांध्यात आणि दाराच्या मागे काळे-हिरवे ठिपके दिसायला लागतात. मुळशी, मावळ, भोरकडून नोकरीसाठी पुण्यात राहायला गेलेल्या अनेकांची हीच तक्रार असते. गावाकडची जुनी न्हाणी घराबाहेर असायची, ऊन-वाऱ्यानं वाळायची. शहरातल्या खोलीत बाथरूम आतच, खिडकी वीतभर. ओल हटत नाही, म्हणून बुरशी वाढते.

बुरशीचे बारीक कण हवेत उडतात. त्यानं मुलांना शिंका, खोकला, डोळे चुरचुरणे असा त्रास होतो. दमा असेल तर तो बळावतो. पण घाईघाईत ॲसिड ओतून केलेली सफाई त्याहून घातक ठरू शकते.

साफ कसं करायचं?

१. मुलांना दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर पाठवा. टूथब्रश, टॉवेल, बादलीतली खेळणी आधी बाहेर काढा.
२. खिडकी उघडा. हातमोजे घाला, नाका-तोंडाला मास्क लावा.
३. बुरशी कोरडी खरवडू नका, कण उडतात. आधी भिंत ओली करा.
४. कपड्याची पावडर कोमट पाण्यात मिसळून ब्रशनं घासा. बहुतेक बुरशी एवढ्यानंच निघते.
५. स्वच्छ पाण्यानं धुऊन भिंत कोरड्या फडक्यानं पुसा. भिंत वाळल्यावरच मुलांना आत सोडा.

बुरशी तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा जास्त पसरली असेल किंवा प्लॅस्टर फुगलं असेल, तर आत पाइप गळत असण्याची शक्यता आहे. आधी प्लंबर बोलवा. बुरशीवर नुसता रंग मारू नका, तो काही दिवसांत सुटतो.

हे कधीही एकत्र करू नका

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये त्यानं जीव गुदमरतो. संडास धुण्याच्या लिक्विडमध्येही बहुतेक वेळा ॲसिड असतं. ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टाकते ती टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच, तिलाही हाच नियम लागू. व्हिनेगरही ब्लीचमध्ये मिसळू नका. दारावर मिळणारं सुटं ॲसिड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. तहानलेलं लेकरू बाटली बघतं, आत काय ते बघत नाही. अशा वस्तू उंच, कुलूपबंद जागी ठेवा.

अपघात झालाच तर

मुलानं काही प्यायलं तर उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका. तोंड धुवा आणि ती बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. डोळ्यात गेलं तर १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. वायूनं गुदमरायला झालं तर लगेच मोकळ्या हवेत या. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

पुन्हा येऊ नये म्हणून

अंघोळीनंतर भिंतीवरचं पाणी वायपरनं ओढा, खिडकी उघडी ठेवा. ओले कपडे बाथरूममध्ये वाळत घालू नका. गळका नळ लगेच दुरुस्त करा. औषध कितीही मारा, ओल राहिली तर बुरशी परत येणारच.