पाचोऱ्याहून अजिंठ्याला निघताय? क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यासाठी परवडणारी वाइड लेन्स अशी निवडा

पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करत अजिंठ्याला पोहोचायचं, ऊन चढायच्या आत २६ क्रमांकाच्या लेण्यात शिरायचं आणि डाव्या हाताच्या भिंतीत कोरलेला महापरिनिर्वाणाचा बुद्ध फोटोत घ्यायचा. इथपर्यंत सगळं सोपं असतं. अडचण कॅमेरा डोळ्याला लावल्यावर कळते. मूर्ती सुमारे ७ मीटर लांब आहे आणि समोर खांबांची रांग. थोडं मागे सरकलं की पाठ खांबाला टेकते, अजून मागे गेलं की खांबच फोटोत येतात. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ ची लेन्स पूर्ण १८ वर आणली तरी डोकं धरलं तर पाय सुटतात आणि पाय धरले तर डोकं.

हीच अडचण लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांना हळदीच्या दिवशी येते. खोली लहान, बायकांची गर्दी, मधे पाटावर नवरदेव, आणि फोटोग्राफर दाराच्या चौकटीत अडकलेला. मग कुणीतरी सांगतं, "वाइड लेन्स घे." घ्यायची म्हणजे नक्की कोणती? आणि चुकीची घेतली तर एका सीझनची कमाई त्यात जाऊ शकते. म्हणून आधी थोडं समजून घेऊ.

क्रॉप सेन्सर म्हणजे काय?

लेन्समधून आलेलं चित्र ज्या चौकोनावर उमटतं तो सेन्सर. फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ × २४ मिमी असतो, म्हणजे जुन्या ३५ मिमी रोलच्या एका फ्रेमएवढा. आपल्याकडच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मात्र लहान, एपीएस-सी सेन्सर असतो. निकॉन आणि सोनीमध्ये त्याची रुंदी सुमारे २३.५ मिमी, कॅननमध्ये सुमारे २२.३ मिमी.

सेन्सर लहान म्हणजे चित्राच्या कडा कापल्या जातात, म्हणूनच नाव क्रॉप. निकॉन, सोनी, फुजीमध्ये हा आकडा १.५ आणि कॅननमध्ये १.६ धरतात. १८ मिमीची लेन्स या कॅमेऱ्यांवर फुल फ्रेमच्या साधारण २७ ते २९ मिमी लेन्सइतकंच दाखवते. खऱ्या वाइडसाठी लेन्सवरचा आकडा १० ते १२ च्या आसपास हवा.

किती वाइड हवं? एक सोपा हिशेब

दुकानात जाण्याआधी हे दोन आकडे लक्षात ठेवा. १८ मिमीवर तुम्ही समोरच्या वस्तूपासून जितके लांब, त्याच्या साधारण सव्वापट रुंदी फोटोत मावते. १० मिमीवर मावते साधारण सव्वादोन पट.

आता हळदीची खोली घ्या. नवरदेवापासून तुम्ही ६ फुटांवर आहात. १८ मिमीवर साडेसात फुटांची रुंदी मिळेल, म्हणजे नवरदेव आणि शेजारच्या दोघी-तिघी. १० मिमीवर तीच रुंदी साडेतेरा फुटांवर जाते आणि अख्खी खोली येते. अजिंठ्याच्या मूर्तीचंही तसंच. ७ मीटर लांबी मावायला १८ मिमीवर साडेपाच मीटर मागे जावं लागतं, १० मिमीवर ३ मीटरच्या थोडं पुढे पुरतं.

आकड्यातला फरक फक्त ८ मिमीचा दिसतो, पण वाइडच्या टोकाला एकेक मिमी मोठा असतो. १० आणि १२ मध्ये फरक ठळक दिसतो, ५० आणि ५२ मध्ये कळतसुद्धा नाही.

खरंच गरज आहे का?

मागच्या दोन-तीन महिन्यांचे फोटो संगणकावर उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ बघा. बरेच फोटो अगदी १८ वर काढलेले असतील आणि त्यातही जागा कमी पडली असेल, तर वाइडची गरज खरी. बहुतेक फोटो ३५ ते ५५ दरम्यान असतील तर ते पैसे ५० मिमीच्या लेन्समध्ये किंवा चांगल्या फ्लॅशमध्ये घालणं शहाणपणाचं. आपल्या शेजारच्या चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) हे टेबलावर छोट्या वस्तू मांडून काढलेल्या टेबल-टॉप फोटोंसाठी ओळखले गेले. प्रत्येकाचं काम वेगळं, तशी लेन्सही वेगळी.

फक्त कधीमधी देखावा किंवा वाड्याचा दर्शनी भाग काढायचा असेल तर फुकटचा उपाय आहे. कॅमेरा उभा धरा, आहे त्याच लेन्सने डावीकडून उजवीकडे चार-पाच फोटो घ्या, प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येऊ द्या आणि संगणकावर जोडा. माणसं हलत असतील किंवा जवळ खांब असतील तर मात्र जोड दिसतो.

परवडणारे पर्याय

कॅनन डीएसएलआर (१३००डी, १५००डी, २००डी, ७००डी, ८०डी वगैरे): ईएफ-एस १०-१८ एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम. २०१४ मध्ये अमेरिकेत ती २९९ डॉलरला आली आणि स्वस्तातली वाइड म्हणून लगेच नाव झालं. वजन फक्त २४० ग्रॅम, हात हलला तरी सावरणारं स्टॅबिलायझेशन आत. नवशिक्याने डोळे झाकून पहिला विचार हिचाच करावा.

निकॉन डीएसएलआर: एएफ-पी डीएक्स १०-२० एफ/४.५-५.६ व्हीआर. २०१७ मध्ये आली, वजन २३० ग्रॅम, हिच्यातही स्टॅबिलायझेशन. पण एक मोठी अट आहे. डी९०, डी७०००, डी३१००, डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर ही लेन्स बसते, मात्र फोकस होत नाही, हातानेसुद्धा नाही. डी३३०० आणि डी५३०० ला आधी फर्मवेअर अपडेट करावं लागतं. डी३४००, डी३५००, डी५६००, डी७५०० वाल्यांना काळजी नाही.

कॅनन मिररलेस (आर५०, आर१०, आर१००): आरएफ-एस १०-१८ एफ/४.५-६.३ आयएस एसटीएम, वजन १५० ग्रॅम. जुनी ईएफ-एस १०-१८ घरात असेल तर नवी घ्यायची घाई नको, अडॅप्टर लावून तीच चालते.

निकॉन मिररलेस (झेड५०, झेड३०): झेड डीएक्स १२-२८ एफ/३.५-५.६ पीझेड व्हीआर. ही १२ पासून सुरू होते, हे लक्षात घ्या.

सोनी (ए६०००, ए६४००, झेडव्ही-ई१०): कंपनीची १०-१८ एफ/४ चांगली आहे, पण स्वस्त नाही. बजेट कमी असेल तर हाताने फोकस करायची सॅमयांग १२ मिमी एफ/२ बघा. १२ मिमीवर फोकस चुकायला वाव कमी असतो, त्यामुळे लेणी, देखावे, रात्रीचं आकाश यासाठी ऑटोफोकस नसला तरी अडत नाही. वरातीत नाचणाऱ्यांसाठी मात्र अडतं. सोनीची किट लेन्स १६ पासून सुरू होते, तीही १८ पेक्षा थोडी वाइड आहेच.

सेकंड हँड बाजारात टोकिना ११-१६ एफ/२.८ हे नाव हमखास ऐकू येतं. दणकट आणि उजेडाला चांगली लेन्स. पण निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही. ती डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यावर लावली तर फोकस हातानेच करावा लागेल. नावात 'डीएक्स २' असलेल्या आवृत्तीत मोटर आहे.

एफ/२.८ की स्टॅबिलायझेशन?

इथे बरेच जण गोंधळतात. एफ/२.८ ची लेन्स एफ/४.५ पेक्षा अडीच पट उजेड आत घेते. जिथे तिला आयएसओ १२५० पुरतो, तिथे एफ/४.५ ला ३२०० लागतो.

अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉडसाठी परवानगी लागते. पण मूर्ती हलत नाही. तिथे स्टॅबिलायझेशन कामाला येतं: श्वास रोखून, हळूच बटण दाबून सेकंदाच्या चौथ्या भागाएवढ्या एक्सपोजरलाही फोटो स्पष्ट येऊ शकतो. हळदीत किंवा वरातीत माणसं हलतात. त्यांचं हलणं कुठलंही स्टॅबिलायझेशन थांबवत नाही, तिथे एफ/२.८ किंवा छताकडे वळवलेला बाहेरचा फ्लॅश हवा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश १० मिमीच्या कडांपर्यंत पोहोचत नाही, कोपरे काळे राहतात.

थोडक्यात, लेणी, किल्ले, देवळं, घरांचे फोटो यासाठी स्वस्त एफ/४.५ पुरते. अंधारात हलणारी माणसं हा धंदा असेल तरच एफ/२.८ चे जास्तीचे पैसे वसूल होतात.

पैसे वाया घालवणाऱ्या तीन चुका

पहिली, फुल फ्रेमची १६-३५ घेणं. क्रॉप सेन्सरवर ती साधारण २४ पासून सुरू होते, म्हणजे किट लेन्सपेक्षा जेमतेम पुढे, किंमत आणि वजन मात्र कितीतरी जास्त.

दुसरी, लेन्सच्या पुढे फिरवून बसवायची '०.४५ एक्स' अशी स्वस्त काच. मधला भाग बरा येतो, कडा पुसट होतात.

तिसरी, माउंट न बघता ऑनलाइन मागवणं. कॅननमध्ये ईएफ-एस आणि आरएफ, निकॉनमध्ये एफ आणि झेड हे वेगळे माउंट आहेत. आपल्या बॉडीचं पूर्ण नाव आधी कागदावर लिहून घ्या.

जुनी लेन्स घेताना

मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सौदा सोडा. एखाद-दुसरा धुळीचा कण चालतो, आपल्याकडच्या फुफाट्यात तो येणारच. झूम रिंग फिरवताना खरखर नको. पुढच्या कडेला पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे असं समजा. शेवटी भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून समोरून सरळ फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चौघे सारखे हवेत. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. ही सगळी तपासणी स्वतःच्याच कॅमेऱ्यावर करा, विकणाऱ्याच्या नको.

लेन्स हातात आल्यावर

वाइड लेन्सने कडेची माणसं ताणली जातात. लग्नाच्या ग्रुप फोटोत मामींना कडेला उभं करून १० मिमीवर फोटो काढलात तर अल्बम बघताना बोलणी खाल. ग्रुपसाठी १६-१८ वर या, जागा असेल तर मागे सरका. देऊळ किंवा वाडा काढताना कॅमेरा वर झुकवू नका, भिंती मागे कलंडलेल्या दिसतात. आणि मोकळ्या देखाव्यात पुढे काहीतरी जवळ असू द्या, केळीचं पान, पायरी, दगड. नाहीतर सगळंच लांब आणि बारीक दिसतं.

शक्य असेल तर घेण्याआधी एक दिवस भाड्याने किंवा मित्राकडून आणून एखाद्या कार्यक्रमात वापरून बघा. आणि अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात.