आयोडीनयुक्त मीठ व बुद्धिविकास
आयोडीनयुक्त मीठ म्हणजे आयोडीनाचे एखादे लवण अत्यल्प प्रमाणात मिसळलेले खाण्याचे मीठ. प्रौढ व्यक्तीस दररोज सु. १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. जन्मभराची गरज चहाच्या एका चमच्याएवढीच भरते. अवटू ग्रंथी त्यापासून थायरॉक्सिन हे हॉर्मोन तयार करते. गर्भाच्या मेंदूतील तंत्रिका कोशिकांची वाढ व मांडणी या हॉर्मोनावर अवलंबून असून पहिल्या काही महिन्यांत ते केवळ मातेकडूनच मिळते. हिमनद्या व अतिवृष्टी यांनी धुपलेल्या डोंगराळ जमिनीत आयोडीन फारसे उरत नाही. परिणामी तेथील धान्यातही त्याची उणीव असते.

हे ज्ञान फार सावकाश जुळत गेले. समुद्रशेवाळाच्या राखेतून १८११ मध्ये बेर्नार कूर्त्वा यांना आयोडीन मिळाले. १८२० मध्ये जिनीव्हाचे वैद्य क्वांदे यांनी ते गलगंडावर दिले. परंतु अतिमात्रेमुळे काही रोग्यांना अपाय झाला व हा उपाय बदनाम झाला. अवटू ग्रंथीत मुळातच आयोडीन असते, हे ऑयगेन बाउमान यांनी १८९५-९६ मध्ये दाखवेपर्यंत त्याला शास्त्रीय आधार नव्हता. १९१७ पासून डेव्हिड मरीन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील ॲक्रन येथे शाळकरी मुलींना सोडियम आयोडाइड देऊन गलगंड टाळता येतो हे सिद्ध केले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील ओटो बायार्ड यांनी आल्प्सच्या खेड्यांत मिठातून आयोडीन देऊन पाहिले. १९२२ मध्ये स्विस गलगंड आयोगाने अशा मिठाची शिफारस केली व १९२४ मध्ये ते मिशिगनमध्ये विक्रीस आले.

या शंभर वर्षांत लक्ष प्रामुख्याने गळ्यावरच राहिले. गलगंडग्रस्त भागांत मतिमंद, मूकबधिर व खुजी मुले (जडवामन) जन्मतात, हे आल्प्समध्ये पूर्वापार ठाऊक होते. तथापि कित्येकांनी त्याचा दोष आनुवंशिकतेला किंवा पाण्याला दिला. गाठ डोळ्यांना दिसते, मंदावलेली बुद्धी तशी दिसत नाही. निर्णायक पुरावा पापुआ न्यू गिनीतून आला. तेथे १९६६ मध्ये काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाची व इतरांना केवळ लवणद्रावाची अंतःक्षेपणे देण्यात आली. गर्भधारणेपूर्वी आयोडीन मिळालेल्या मातांच्या मुलांचे जडवामनतेपासून रक्षण झाले, हे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भ राहिल्यानंतर दिलेल्या आयोडीनाने मात्र तसे संरक्षण मिळाले नाही. बेसिल हेट्झेल यांनी १९८३ मध्ये ‘आयोडीन-न्यूनताजन्य विकार’ ही व्यापक संज्ञा सुचवली ती याच जाणिवेतून.

भारतात व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात तीन विभाग पाडून प्रयोग केला : एका विभागास पोटॅशियम आयोडाइडयुक्त, दुसऱ्यास पोटॅशियम आयोडेटयुक्त व तिसऱ्यास साधे मीठ. पहिल्या दोहोंत गलगंड स्पष्टपणे घटला, तिसऱ्यात घटला नाही. दमट हवेत व जाड्या मिठात आयोडेट अधिक टिकते म्हणून तेच पुढे रूढ झाले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला; १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून त्यात सर्व आयोडीन-न्यूनताजन्य विकारांचा समावेश करण्यात आला. साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये घातलेली बंदी २००० मध्ये उठवली गेली. मीठ निवडण्याचे स्वातंत्र्य आणि छोट्या मिठागरवाल्यांची उपजीविका हे आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. पण न्यूनतेची किंमत मोजणारा गर्भ या वादात पक्षकार नव्हता. २००६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

सौम्य न्यूनतेचे परिणाम अलीकडे कळू लागले आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्बेनियातील चाचणीत १० ते १२ वर्षांच्या न्यूनताग्रस्त मुलांना आयोडीन दिल्यावर त्यांचा आकलनाचा वेग व दृश्य कोडी सोडवण्याची क्षमता सुधारली. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, गरोदरपणी आयोडीन कमी असलेल्या मातांची मुले आठव्या वर्षी शाब्दिक बुद्ध्यंकात आणि पुढे वाचनातही मागे आढळली. त्या मातांच्या गळ्यावर गाठ नव्हे, तर मूत्रचाचणीतील आकडा हीच न्यूनतेची खूण होती.